अतिस्वेद

शरीर थंड ठेवायला लागतो त्याहून कितीतरी अधिक घाम येणे म्हणजे अतिस्वेद, वैद्यकीय भाषेत हायपरहायड्रोसिस. मे महिन्यात नागपुरात निथळणे किंवा ठेचा खाल्ल्यावर कपाळ घामेजणे हा काही आजार नव्हे. पंख्याखाली पेपर लिहितानाही हाताखाली रुमाल धरावा लागतो, डिसेंबरातही कपाळावरून धारा लागतात, तेव्हा उपचारांचा विचार करायचा.

आधी प्रकार ओळखावा लागतो. प्राथमिक अतिस्वेद बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो. तो तळहात, तळपाय, काखा, चेहरा अशा ठरावीक जागी, दोन्ही बाजूंना सारखाच असतो आणि झोपेत थांबतो. यात घामाच्या ग्रंथी जास्त नसतात. त्यांना चेतवणाऱ्या मज्जातंतूंचा जोर जास्त असतो. मोठेपणी एकाएकी अंगभर घाम सुटू लागला तर थायरॉइड, मधुमेह, रजोनिवृत्ती किंवा चालू असलेली औषधे यांकडे पाहावे. रात्री कपडे भिजत असतील, सोबत ताप येऊन वजनही घटत असेल, तर क्षयरोगाची तपासणी टाळू नये.

पहिला उपाय अॅल्युमिनियम क्लोराइडचा. दाढीनंतर फिरवायची तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार. हे औषध घामाच्या नलिकांची तोंडे बुजवते. ते रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुवायचे असते. अंघोळीनंतर ओलसर काखेत लावले, तर पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि आग होते. औषध सोसत नाही म्हणून सोडण्यापूर्वी एवढे तपासावे. टाल्कम पावडर फक्त ओल टिपते.

तळहात-तळपायांसाठी आयन्टोफोरेसिस आहे. नळाच्या पाण्याच्या उथळ ताटात हात बुडवून वीस-तीस मिनिटे सौम्य वीजप्रवाह सोडतात. सुरुवातीला आठवड्यातून काही वेळा बसावे लागते. पेसमेकर असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना हे चालत नाही. काखेसाठी बोट्युलिनम विषाची (बोटॉक्स) इंजेक्शने देतात; अमेरिकेत त्यांना 2004 मध्ये मान्यता मिळाली. टोचण्याआधी कधी त्वचेला आयोडीन लावून, सुकवून, वर स्टार्च भुरभुरतात. घाम फुटेल तिथे निळाकाळा डाग उमटतो आणि सुई कुठे घालायची ते कळते. गुण काही महिने टिकतो, मग पुन्हा खर्च.

चेहरा सर्वांत अवघड. अॅल्युमिनियमचे औषध डोळ्यांजवळ झोंबते. कपाळावर इंजेक्शन फार खाली पडले, तर भुवई उतरते. घाम कमी करणारे ग्लायकोपायरोलेट हे औषध त्वचेवर लावता येते, पण तो हात डोळ्याला लागला की बाहुली विस्फारून धूसर दिसते. अंगभर घाम असेल तर याच औषधाच्या किंवा ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या देतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. शिवाय घाम आटला की अंग तापते, त्यामुळे उन्हात राबणाऱ्याला या गोळ्यांवर उष्माघाताचा धोका असतो.

शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा. छातीत दुर्बिण घालून घामाच्या ग्रंथींना चेतवणारी अनुकंपी मज्जातंतूची साखळी कापतात किंवा तिला क्लिप लावतात. तळहात बहुधा लगेच कोरडे होतात. मात्र अनेकांना त्यानंतर पाठ, पोट आणि मांड्यांवर नव्याने घाम सुटतो, काहींना इतका की दिवसातून दोनदा सदरा बदलावा लागतो. कापलेला तंतू पूर्ववत करण्याचा खात्रीचा मार्ग नाही.