ढगातली जमीन विकत घेताना

पावसाळ्यात आंबोलीला गेलेल्यांनी हे अनुभवलं असेल. पाऊस थांबलेला असतो, तरी झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर टपटप चालूच. कोस्टा रिकातल्या मॉन्तेवेर्देला ही टपटप पाऊस नसलेल्या महिन्यांतही सुरू असते. कॅरिबियन समुद्रावरचे दमट वारे तिलारान डोंगररांगेवर चढताना गार होतात आणि ढग थेट झाडांमधूनच वाहू लागतो. पानं, शेवाळं, फांद्यांवरची ऑर्किडं त्यातले बारीक थेंब अडवतात. मूठभर शेवाळ पिळलं तर स्पंजासारखं पाणी गळतं. उन्हाळ्यात खालचे ओढे जगतात ते बरेचसे याच पाण्यावर.

१९५१च्या सुमारास अमेरिकेतून युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातली काही कुटुंबं इथे आली. सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्यामुळे त्यांच्यातल्या काहींनी तुरुंग पाहिला होता आणि कोस्टा रिकाने तर सैन्यच मोडीत काढलं होतं. त्यांनी सुमारे १,४०० हेक्टर जमीन घेतली, गाई पाळल्या, चीज बनवलं. पण ओढ्यांच्या उगमाकडचं साडेपाचशे हेक्टर जंगल मुद्दाम राखलं. निसर्गप्रेमापेक्षा पाण्याची काळजी मोठी होती, आणि मला हे कारण जास्त भरवशाचं वाटतं. १९७२मध्ये जॉर्ज पॉवेल या पक्षी-अभ्यासकाने पुढाकार घेतला आणि शेजारची ३२८ हेक्टर जमीन विकत घेऊन राखीव जंगलाला सुरुवात झाली. १९८७मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या शाळेतल्या मुलांनी पैसे जमवून आणखी सहा हेक्टर मिळवून दिले. मग देशोदेशीची मुलं सामील झाली. त्या 'मुलांच्या जंगला'चा पसारा आज २२ हजार हेक्टरच्या पुढे आहे.

कोणती जमीन घ्यायची, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. लांब हिरव्या शेपटीचा केत्झाल पक्षी वरच्या जंगलात कुजक्या खोडांच्या ढोलीत घरटं करतो. पिल्लं उडाली की रानटी अवोकाडोच्या जातीची फळं शोधत खालच्या उतारांवर जातो. म्हणजे नुसता माथा राखून भागत नाही.

नारिंगी रंगाचा सोनेरी भेक तर जगात फक्त इथल्याच एका कड्यावर होता. १९८७मध्ये डबक्यांपाशी दीड हजारांवर दिसले, १९८९मध्ये एकच नर. त्यानंतर एकही नाही. जंगल तर शाबूत होतं! संशय आहे कातडीला लागणाऱ्या बुरशीवर आणि त्या सुमाराच्या कोरड्या हंगामावर.

सत्तरच्या दशकापासून इथले धुकं नसलेले दिवस वाढत गेले. मोठ्या रंगीत चोचीचा टूकन पूर्वी डोंगराच्या खालच्या भागात राहायचा. नव्वदच्या दशकात तो वर, केत्झालच्या शेजारी घरटं करताना आढळला.