चार बदल आणि अख्खी फाइल लाल

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची नियमावली यंदा नव्याने टाइप झाली, आणि सेक्रेटरी काकांनी जुनी-नवी दोन्ही फाइली मला पाठवल्या, "काय बदललंय तेवढं बघून सांग रे". म्हटलं दोन मिनिटांचं काम. विम या टेक्स्ट एडिटरमध्ये फरक दाखवायला सांगून दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या तर जवळजवळ अख्खी फाइल रंगलेली! खरे बदल होते चार.

मुळात एडिटर काही आपल्यासारखं वाचत नाही. दोन्ही फाइलींत त्याच क्रमाने येणाऱ्या जास्तीत जास्त ओळी कोणत्या एवढंच तो शोधतो, आणि उरलेल्या ओळी म्हणजे 'बदल'. १९७४ च्या सुमारास युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आलेला, दोन फाइलींतला फरक दाखवणारा डिफ प्रोग्रॅम हेच करायचा, १९८६ साली मायर्स या संगणकशास्त्रज्ञाने याचा फास्ट अल्गोरिदम दिला आणि कोडमधले बदल सांभाळणारं गिट आजही बाय डिफॉल्ट तोच वापरतं. गंमत अशी की उत्तर एकच असेल असं नाही. समजा जुन्या यादीत स्वारगेट, डेक्कन, कोथरूड, वारजे आहे आणि नव्या यादीत डेक्कन, स्वारगेट, कोथरूड, वारजे. आता स्वारगेट हललं की डेक्कन? दोन्ही बरोबर! 'जागा बदलली' हा प्रकारच डिफला कळत नाही, तो एक खोडल्याचं दाखवतो आणि एक नव्याने लिहिल्याचं.

आमच्या नियमावलीत प्रत्येक नियमाखाली 'दंड ५०० रु.' ही ओळ, त्यामुळे भलत्याच नियमाचा दंड भलत्याच नियमाशी जुळला होता. अशा वेळी विमच्या डिफऑप्ट या सेटिंगमध्ये अल्गोरिदम बदलून पेशन्स करायचा. तो दोन्हीकडे फक्त एकदाच येणाऱ्या ओळी आधी पकडतो आणि मग मधलं जुळवतो, म्हणजे दंडाच्या ओळींना सुरुवातीला भावच नाही. टायपिंगवाल्याने जिथे तिथे डबल स्पेस मारल्या होत्या, त्या त्याच सेटिंगमध्ये आयव्हाइट (म्हणजे स्पेस कमी-जास्त असल्या तर सोडून दे) टाकल्यावर रंगायच्या थांबल्या. निम्मा रंग तिथेच उतरला.

पण 'दुसऱ्या' आणि 'भाडेकऱ्यांनी' हे शब्द काही केल्या रंगलेलेच, आणि डोळ्यांना फरक शून्य. डोकं खाजवलं, मग अक्षरावर कर्सर ठेवून जी आणि ए दाबलं, की विम त्या अक्षराचा युनिकोड नंबर, म्हणजे कॉम्प्युटर ते अक्षर ज्या नंबराने ओळखतो तो, सांगतो. एका फाइलीत ०९३१, दुसरीत ०९३०! आपला हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शिवाय जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर. स्क्रीनवर तेच, आत वेगळंच. डिफऑप्टमध्ये यावर इलाज नाही, दोन्ही फाइलींत शोधा-बदला करून एकच पद्धत ठेवली (मराठीत काम करणाऱ्यांनी हे आधीच करून टाकावं, माझी संध्याकाळ गेली).

मग काकांना स्क्रीनशॉट पाठवला तर त्यांचा फोन, "अरे सगळं एकाच रंगाचं दिसतंय". काकांना लाल-हिरवा नीट ओळखू येत नाही हे मला तेव्हा कळलं. डोळ्यातल्या लाल-हिरवा ओळखायला लागणाऱ्या शंकुपेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, पुरुषांकडे ते एकच, म्हणून हा प्रकार पुरुषांतच जास्त. आणि एडिटरच्या कित्येक थीम मात्र हिरवा म्हणजे आलेलं, लाल म्हणजे गेलेलं, यावरच अडून बसलेल्या. विममध्ये डिफचे मुख्य चार रंग असतात, नवी ओळ, खोडलेली ओळ, बदललेली ओळ आणि त्या ओळीतला नेमका बदललेला तुकडा, आणि चारही आपल्याला हवे तसे ठेवता येतात. मी निळा आणि नारिंगी घेतला आणि बदललेल्या तुकड्याला शिवाय अंडरलाइन दिली, म्हणजे रंग नाही कळला तरी रेघ दिसेल.

परत स्क्रीनशॉट पाठवला. पाच मिनिटांनी काकांचा मेसेज, "पाहुण्यांचं पार्किंग दोन तासांवरून एक तास कोणी केलं?"