आमचे माळी दोन भाषांत का शिकतात

बागेच्या देखभालीचं काम तुम्ही आमच्या संस्थेकडे सोपवता, पण तुमच्या झाडांशी रोजचा संबंध येतो तो माळ्याचा. पाणी किती सोडायचं, फांदी कुठे कापायची, औषध मारायचं की थांबायचं, हे त्या घडीला तोच ठरवतो. पाणी वाचवणारी आणि माती राखणारी पद्धत त्याच्या हातात उतरली नाही, तर आम्ही तुम्हाला दिलेल्या आश्वासनांना काही अर्थ उरत नाही.

आमच्या बऱ्याच कामगारांची घरची भाषा एक, आणि खताच्या गोणीवर, औषधाच्या बाटलीवर, यंत्राच्या पुस्तिकेत छापलेली भाषा दुसरी. पूर्वी आम्ही छापील भाषेतच शिकवायचो. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे माना डोलवायचे. मग एका बागेतलं झुडपांचं कुंपण दोन दिवसांत करपलं. बाटलीवरचं माप दहा लिटर पाण्यासाठी होतं, माळ्याने ते एका लिटरला धरलं होतं. चूक आमच्या शिकवण्यातली होती. झुडपं बदलून दिली आणि शिकवण्याची रीतही बदलली.

आता प्रत्येक विषय आधी घरच्या भाषेत समजावतो आणि मग त्यातले छापील शब्द ओळखायला शिकवतो. ‘समजलं का?’ हा प्रश्न बंद केला आहे. त्याऐवजी ‘करून दाखवा’ म्हणतो. माळी लेबलच्या ओळीवर बोट ठेवून माप वाचतो, आपल्या शब्दांत सांगतो आणि साध्या पाण्यावर तेवढं मोजून दाखवतो. मधमाश्यांना किंवा माशांना घातक असल्याची सूचना, फवारणीनंतर किती वेळ तिथे जायचं नाही, हेही त्याला लेबलवर शोधावं लागतं. ते जमेपर्यंत फवारणीचा पंप त्याच्या हाती देत नाही.

शिकणं एकतर्फीही नसतं. पुस्तिकेत नुसता ‘ओलावा’ असतो. शेतीतून आलेल्या माणसाला वाफसा कळतो. मूठभर माती दाबायची, गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला, की माती कामाजोगी आहे. चिखल असताना खणलं किंवा त्यावर चाललं तर माती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. हा धडा आता आमचे जुने माळीच नव्यांना देतात.

छाटणीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण चुकीचा काप झाड जन्मभर वागवतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कड असते. काप त्या कडेच्या जरा बाहेर घ्यायचा; खोडाला सपाट नाही आणि खुंट ठेवूनही नाही. अमेरिकी वनसेवेतले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडं चिरून दाखवलं, की झाड माणसासारखी जखम भरून काढत नाही, ते कुजका भाग आतल्या आत कोंडून टाकतं. ती कड राखली तर हे काम त्याला सोपं जातं. म्हणूनच कापावर रंग किंवा डांबर लावा असा आग्रह कृपया धरू नका.

तुमच्या बागेतही काही बदल दिसतील. हिरवळ एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापणार नाही आणि बारीक कातरण तिथेच सोडू. त्यातलं नत्र मातीला परत मिळतं. झाडांखाली पाच ते आठ सेंटिमीटर पालापाचोळा असेल, पण खोडापासून वीतभर लांब. तो झाडून टाकू नका. कोवळ्या शेंड्यांवर थोडा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला तरी लगेच फवारणार नाही. ढालकिडे (लेडीबर्ड) आणि त्यांच्या अळ्या तो खातात, आणि औषधाने आधी त्याच मरतात. मावा वाढतच गेला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढतो, औषध अगदी शेवटी.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, पहाटे आणि खोलवर देतो, म्हणजे मुळं खाली जातात. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हा हिशेब प्रत्येक माळ्याला पाठ असतो. पहिल्या भेटीत तो हिरवळीवर सरळ कडांचे काही रिकामे डबे मांडून तुषार सुरू करील आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीने मोजील. मोजणी संपेपर्यंत डबे हलवू नका. आकडे तो तुम्हाला दाखवील. विचारा, सांगायला त्याला आवडतं.