पाईपलाईनच्या कडेची वाट: मुंबईच्या उपनगरांतल्या सायकल मार्गाची पार्श्वभूमी

मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर या भागांत पत्ता विचारला की 'पाईपलाईनच्या पलीकडे' किंवा 'पाईपलाईनला लागून' असं उत्तर हमखास मिळतं. ही पाईपलाईन तानसाची, म्हणजे तानसा धरणाचं पाणी मुंबईत आणणारी. जमिनीवरून, चौथऱ्यांवर टेकून जाणारे ७२ इंची, म्हणजे जवळजवळ पुरुषभर उंचीचे नळ. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेने या नळांच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल आणि पायी चालण्याचा मार्ग जाहीर केला. मुलुंडपासून शीव-धारावीच्या दिशेने एक लांब पट्टा आणि घाटकोपरहून पश्चिमेला जाणारा एक फाटा, अशी ती कल्पना. 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्ल्यू लाइन्स' असं तिचं नाव. बातम्या आल्या त्या लांबीच्या, खर्चाच्या आणि दिव्यांच्या. ही रेष नेमकी इथूनच का जाते, आणि तिच्या कडेची जागा मोकळी कशी झाली, याची गोष्ट त्याहून बरीच जुनी आहे.

ती पाण्यापासून सुरू होते. मुंबई बेटावर विहिरी आणि तळी होती, पण गिरण्या आणि बंदराच्या जोरावर वाढणाऱ्या शहराला ती पुरेनात. १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. दोन्ही जवळचे, साष्टीच्या, म्हणजे आजची उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याच्या, डोंगरातले. तेही कमी पडले, तेव्हा शहराने पहिल्यांदा फार लांब हात घातला. आजच्या शहापूर तालुक्यात तानसा नदीवर धरण बांधलं गेलं आणि १८९२ मध्ये तिथलं पाणी मुंबईत आलं. अंतर १०० किलोमीटरच्या आसपास. तानसा उंचावर, मुंबई सखल, म्हणून हे पाणी स्वतःच्या उताराने वाहत येतं. अशा नळाला एकंदरीत हळूहळू उतरत जाणारी, फार चढउतार नसलेली वाट सोयीची असते. ती रेष खाडी ओलांडून साष्टीत उतरली आणि डोंगराच्या पूर्व बाजूने दक्षिणेला निघाली. आज एखाद्या सायकलस्वाराला हाच पट्टा सोयीचा वाटतो, त्याचं एक मूळ त्या सौम्य उतारात आहे.

त्या काळी ही सगळी गावं होती: भातशेती, गवताची कुरणं, कोळी-आगरी वस्त्या. नळ त्यांच्यासाठी नव्हता, तो शहराकडे चालला होता. मुंबईचं पाणी मुलुंडवरून जाऊ लागलं तेव्हा मुलुंड मुंबईत नव्हतंच. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये वाढली, पुन्हा १९५७ मध्ये वाढली, तेव्हा कुठे मुलुंड तिच्यात आलं. त्याच सुमारास वैतरणेवरचं धरणही पुरं झालं. अभियंते नानासाहेब मोडक यांच्यावरून त्या जलाशयाला आपण मोडकसागर म्हणतो.

भांडुप, विक्रोळी, कुर्ला या पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि कामगार आले. त्यांना परवडेल असं घर कुणी बांधत नव्हतं. नळाच्या दोन्ही बाजूंना मात्र सरळ, सपाट जागा होती. जल विभागाच्या माणसांना गळती बघायला आणि वॉल्व्ह फिरवायला ठेवलेली. तिथे आधी ताडपत्री आली, मग पत्रा, मग विटा. घरं इतकी जवळ गेली की कुठे कुठे मागची भिंत आणि नळ यांत हाताचंही अंतर राहिलं नाही. नळाच्या पाठीवर वाळत घातलेल्या गोधड्या, त्यावर बसून अभ्यास करणारी मुलं, शाळेला जायला तोच रस्ता. या मार्गाचे पहिले पादचारी हे लोक. महापालिकेने आराखडा काढला त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ते इथून चालत होते.

आणि पाणी? ते अंगणातून जात होतं, घरात येत नव्हतं. घर ठरावीक तारखेच्या आधीचं असल्याचा पुरावा नसेल तर नळजोडणी नाही, असा नियम होता. मुंबईत चावीवाला वॉल्व्ह फिरवतो आणि त्या त्या भागाचं पाणी सुटतं, पण ज्यांच्या नावावर जोडणीच नाही त्यांच्यासाठी चावीवाल्याला काही फिरवता येत नाही. नळातली हवा बाहेर सोडणाऱ्या एअर वॉल्व्हच्या झिरपणाऱ्या धारेखाली कळशी लावून बसलेली बाई मी लहानपणी रोज बघायचो. कळशी भरेपर्यंत तिचे वाटाणे सोलून व्हायचे. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि घर अनधिकृत आहे म्हणून ते सरसकट नाकारता येणार नाही. तानसाचं पाणी शहरात येऊन तोवर १२२ वर्षं झाली होती.

त्याआधीच एक दुसरा आदेश आलेला होता. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी जनहित याचिका झाली होती. शहराचं पिण्याचं पाणी उघड्यावरून जातं, नळाला कुणी इजा केली किंवा तो फुटला तर काय, हा प्रश्न खरा होता. नळ फुटला की पहिली बुडतात ती शेजारचीच घरं. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने नळाच्या दोन्ही बाजूंना १० मीटरचा पट्टा मोकळा करायला सांगितलं. १५ हजारांहून जास्त बांधकामं त्यात येत होती. पाडकाम टप्प्याटप्प्याने चाललं.

सायकल मार्ग जन्मला तो इथे. जागा मोकळी केली, पण ती तशीच ठेवली तर पुन्हा झोपड्या उभ्या राहतील, म्हणून तिथे काहीतरी कायमचं करावं, हा विचार महापालिकेने उघडपणे मांडला होता. म्हणजे हा मार्ग आधी राखणीसाठी सुचला आणि प्रवासासाठी नंतर. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या अडचणी या एका क्रमातून आल्या. कल्पना वाईट नव्हती, उलट फार चांगली होती. पूर्व उपनगरांत लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि द्रुतगती महामार्ग सोडले तर लांब पल्ल्याची सलग वाट नाही, आणि त्या दोन्हींवर सायकल घालणं म्हणजे जीव मुठीत धरणं. महानगर प्रदेशाच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी होत असल्याचं दिसलं होतं. गाड्यांपासून वेगळी, स्टेशनांच्या जवळून जाणारी वाट या लोकांना हवीच होती.

पण त्याच लोकांतले कितीतरी तोवर तिथून हलवले गेले होते. पुनर्वसनाला पात्र ठरलेल्या बऱ्याच कुटुंबांना माहुलला पाठवलं, चेंबूरच्या दक्षिणेला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. ७२ इमारतींची वसाहत. माहुल-आंबापाड्याच्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. तरी माणसं तिथे जात राहिली. दमा, अंगावर चट्टे, कामाच्या ठिकाणापासून तुटलेलं अंतर, मुलांच्या सुटलेल्या शाळा हे सगळं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. २०१८ मध्ये काही कुटुंबं विद्याविहारला परतली आणि ज्या पाईपलाईनजवळून घर गेलं होतं तिथेच रस्त्याकडेला ठिय्या देऊन बसली. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांना माहुलला जायचं नाही त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार रुपये अनामत द्या.

मुंबईतल्या बाकीच्या सायकल मार्गांचं थोडक्यात सांगतो. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास मार्ग झाला, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. पवई तलावाच्या काठाने महापालिकेने आखलेला मार्ग उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, कारण त्यासाठी तलावातच भराव घातला जात होता. तानसाचा मार्गही जाहीर केलेल्या वेळेत सलग झाला नाही. तुकडे झाले, मधल्या जागा राहिल्या. आणि तुटक सायकल मार्गाचा रोज कामावर जाणाऱ्याला उपयोग नसतो, तो सकाळच्या फेरफटक्यापुरता उरतो.

एक गोष्ट नकाशात दिसत नाही, तिथे उभं राहिल्यावर दिसते. आराखडा नळाच्या लांबीने गेला, पण वस्त्यांची रोजची ये-जा नळाला आडवी आहे. घर डोंगराच्या बाजूला, स्टेशन आणि बाजार दुसऱ्या बाजूला. त्यासाठी जागोजागी नळावरून चढून उतरणारे लोखंडी जिने आहेत. भांडुपच्या आमच्या बाजूच्या जिन्याची वरची पायरी मधोमध खोलगट झाली आहे आणि कठडा हात घासून चकचकीत. सकाळी सातला दप्तरवाली मुलं, डबा घेतलेले बाप्ये आणि भाजीच्या टोपल्या असे सगळे एकामागे एक त्यावरून जातात. ज्याच्याकडे सायकल आहे तो ती खांद्यावर घेतो.