'लिंपेट'ची पार्श्वभूमी: शिंपला, खुर्ची आणि सुरुंग

'लिंपेट' या इंग्रजी शब्दाचा (म्हणजे खडकाला चिकटून बसणारी एक समुद्री गोगलगाय) मराठी 'लिंपणे'शी काही संबंध नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या जळगाव-धुळ्याकडे इंग्रजीच्या तासाला हा शब्द आला की वर्गातून हमखास 'लिंपणे'वरून आला असंच उत्तर येतं. पोरांची चूक नाही. आखाजीच्या आधी शेणमाती कालवून भिंत लिंपली, नखांत वाळलेला गारा दोन दिवस निघाला नाही, की हा शब्द घरचाच वाटणार. पण 'लिंपणे' संस्कृत 'लिप्'पासून आलं, तर 'लिंपेट' जुन्या इंग्रजीतून आणि त्यामागे मध्ययुगीन लॅटिन 'लांप्रेडा'पासून. गंमत म्हणजे तोंडाने चिकटणाऱ्या 'लँप्री' माशाचं नावही त्याच 'लांप्रेडा'चं. 'लिंपणे' आणि 'लिंपेट', चिकटणं दोन्हीकडे आहे, नातं मात्र नाही.

प्राणी साधा: टोपीसारखा शिंपला पाठीवर घेतलेली समुद्री गोगलगाय. खडकावरचं शेवाळ खरवडते, ओहोटीला बहुधा ठरलेल्या जागी येऊन आवळून बसते. मग सुरीशिवाय निघत नाही. त्यावरून इंग्रजीत पिच्छा न सोडणारा माणूस 'लिंपेट' झाला, गरज संपली तरी खुर्ची न सोडणारा अधिकारीसुद्धा. याला मराठीत 'गोचीड' म्हणणं मला पटत नाही. गोचीड बैलाचं रक्त पिणार. ही खडकाचं काय पिणार? त्यापेक्षा घोरपड बरी. धरते, पण शोषत नाही.

शब्दाचं नाव झालं ते दुसऱ्या महायुद्धात, 'लिंपेट' नावाच्या सुरुंगामुळे. आपल्याकडे सुरुंग म्हणजे विहिरीच्या काळ्या पाषाणात भोक पाडून ठासायचा. हा लोहचुंबकांनी जहाजाच्या पोलादी अंगाला बाहेरून चिकटवायचा. १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला नमुना झाला तो बाजारातल्या टिनच्या भांड्यातून. स्फोट लांबवायला बडीशेपेच्या चवीची गोळी: ती पाण्यात विरघळली की चाप सुटे. आणि गोळी आधीच भिजू नये म्हणून वरून चक्क निरोध चढवलेला!

१९४२ मध्ये फ्रान्सच्या बोर्डो बंदरात, १९४३ मध्ये सिंगापूरला जहाजांना असे सुरुंग लावले गेले. ऑगस्ट १९७१ मध्ये भारतात तयार झालेले बंगाली पाणबुडे हेच सुरुंग अंगाला बांधून चितगाव, मोंगला बंदरांत पोहत शिरले. जून २०१९ मध्ये ओमानच्या आखातातल्या तेलवाहू जहाजांवरच्या हल्ल्यांमुळे शब्द पुन्हा बातम्यांत आला. तेव्हा त्याला 'चुंबकीय सुरुंग' म्हणायचा मोह होतो. ते चूक. चुंबकीय सुरुंग पाण्यातच दबा धरून असतो आणि जवळून जाणाऱ्या जहाजाच्या लोखंडाने जागा होतो. लिंपेट कुणीतरी हाताने लावावा लागतो.