आधी धूर, मग किलो: कॉफी भाजण्याच्या यंत्रामागचा इतिहास

कॉफी भाजण्याचं यंत्र घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा विचारतो, किती किलोचं घेऊ? प्रश्न रास्त आहे, पण तो तिसरा किंवा चौथा असायला हवा. माहितीपत्रकात दिसणारा ड्रम, बिया गार करायची परात, फोलपटं ओढून घेणारा सायक्लोन, धूर जाळणारा आफ्टरबर्नर हे सगळं एकाच वेळी जन्माला आलेलं नाही. कुणाची तरी अडचण झाली आणि तिच्यापायी एकेक भाग यंत्राला जोडला गेला. त्यातली आपली अडचण कुठली, हे आधी पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत कॉफी बरीचशी घरीच भाजली जायची. कच्च्या बिया आणायच्या, तव्यावर किंवा हाताने फिरवायच्या डब्यात भाजायच्या, दळायच्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्याचा शिधा ठरला होता तो असा: शंभर शिध्यांमागे १० पौंड कच्ची कॉफी, आणि भाजलेली दिली तर ८ पौंड. भाजताना बियांतलं पाणी उडतं, फोलपटं सुटतात आणि वजन साधारण १२ ते २० टक्क्यांनी घटतं. सैन्याच्या कोठारवाल्याला हे ठाऊक होतं. आज मात्र पाच किलोच्या यंत्रातून पाच किलो माल निघेल असं धरून भाव ठरवणारे नवे लोक आहेत.

शहरांत भाजण्याचे कारखाने होते, पण काम जिकिरीचं होतं. १८४६ मध्ये बॉस्टनच्या जेम्स कार्टर याने पेटंट घेतलेली पद्धत बराच काळ चालली. विटांच्या भट्टीत लोखंडी नळकांडं फिरत ठेवायचं आणि बिया झाल्या की अख्खं नळकांडं बाहेर ओढून रिकामं करायचं. तेवढ्या वेळात आतल्या बिया भाजतच राहायच्या. भट्टीवरून उतरवलेल्या कढईत दाणे तसेच राहिले तर करपतात, तोच प्रकार. शिवाय घाण्यामागून घाणा घ्यायचा तर हे ओझं दर वेळी आत-बाहेर करायचं.

जाबेझ बर्न्स हा लंडनमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कच्या कॉफीच्या धंद्यात वाढलेला माणूस. त्याने १८६४ मध्ये जे पेटंट घेतलं, त्यात नळकांडं आगीवरून हलवावंच लागत नव्हतं. आत मळसूत्रासारखी पाती बसवलेली होती. ड्रम फिरताना ती बिया पुढे-मागे ढकलत ठेवायची आणि पुढचं दार उघडलं की बिया आपोआप बाहेर यायच्या. आजच्या बहुतेक ड्रम यंत्रांची मूळ कल्पना हीच आहे. माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मोठा शोध म्हणजे बर्न्सचं हे दार. घाणा नेमका ज्या क्षणी काढायचा त्याच क्षणी काढता आला की चव ठरवणं माणसाच्या हातात येतं. म्हणून यंत्र बघायला गेल्यावर आधी ते रिकामं व्हायला किती वेळ घेतं ते पाहावं, आणि परातीतल्या बिया तीन-चार मिनिटांत हाताला गार लागतात का ते तपासावं. बाहेरचा चकाकता रंग नंतर.

जवळपास त्याच सुमारास, १८६८ मध्ये, जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या एमेरिख गावात अलेक्सियस व्हान ग्युल्पेन आणि त्याच्या भागीदारांनी यंत्रांचा कारखाना काढला. पुढे तोच प्रोबाट या नावाने जगभर गेला. सुरुवातीची त्यांची यंत्रं गोळ्याच्या आकाराची होती, नंतर तेही ड्रमकडे वळले. त्यांची जुनी बिडाची यंत्रं आजही दुरुस्त करून विकली जातात आणि घेणारे त्यांच्यासाठी थांबून राहतात. बीड तापायला वेळ लागतो, पण एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं. त्यामुळे दिवसाचा दुसरा आणि दहावा घाणा फारसा वेगळा होत नाही.

यंत्रं सुधारली आणि भाजणं घरातून निघून गेलं. पिट्सबर्गच्या जॉन आर्बकलने भाजलेल्या बियांवर अंडं आणि साखरेचा मुलामा देऊन त्या टिकवायची युक्ती काढली, एकेक पौंडाच्या कागदी पिशव्या भरल्या, आणि ‘आरिओसा’ हे नाव अमेरिकेच्या पश्चिमेत घरोघरी पोहोचलं. पुढची पाऊणशे वर्षं मोठे कारखाने, डबे आणि जाहिराती यांची आहेत. तिथली यंत्रं एका घाण्यात शेकडो किलो भाजतात. आपल्या विषयाशी त्यांचा संबंध थोडा.

छोटं यंत्र परत आलं ते १९६६ मध्ये. आल्फ्रेड पीट या डच माणसाने कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत दुकान काढलं आणि बिया तिथेच भाजायला सुरुवात केली. नेदरलँड्समध्ये त्याच्या वडिलांचाच हा धंदा होता. १९७१ मध्ये सिअ‍ॅटलला सुरू झालेल्या स्टारबक्सने पहिल्यांदा पीटकडूनच भाजलेल्या बिया घेतल्या आणि मग हॉलंडहून एक वापरलेलं यंत्र मागवलं. म्हणजे आज कॅफेच्या काचेमागे दिसणारा ड्रम हा नवा शोध नव्हे, कारखान्याने गिळलेली जुनीच पद्धत आहे.

ड्रम सोडून वेगळा विचार केला तो मायकेल सिव्हेट्झ या रसायन अभियंत्याने. तापलेल्या धातूला टेकून बिया डागतात आणि धुराचे थर साचत जातात, अशी त्याची तक्रार होती. त्याने खालून गरम हवेचा झोत सोडून बिया हवेतच उधळत भाजायचं यंत्र बनवलं, त्याचं पेटंट १९७६ चं. अशा यंत्रातली कॉफी स्वच्छ, हलकी लागते. अंगाने भरलेली, दुधात टिकणारी चव हवी असणारे मात्र अजून ड्रमलाच चिकटून आहेत.

आणि धूर. गडद भाजणी केली की दाट, तेलकट, नाकाला झोंबणारा धूर निघतो. अमेरिकेत १९७० नंतर हवेचे कायदे कडक झाले आणि आफ्टरबर्नर, म्हणजे धूर शेकडो अंशांवर पुन्हा जाळणारी दुसरी भट्टी, अनेक ठिकाणी अटळ झाली. ती कधी कधी मूळ यंत्राहून जास्त गॅस खाते. लोरिंग या कॅलिफोर्नियाच्या कंपनीने एकाच बर्नरवर बिया भाजणं आणि धूर जाळणं अशी दोन्ही कामं बसवली, गरम हवा पुन्हा आत फिरवली. यंत्र महाग, पण गॅसचं बिल कमी.

भारतात गोष्ट निराळ्या वळणाने गेली. कर्नाटकातल्या बाबा बुदनगिरीच्या डोंगरावर कॉफी सतराव्या शतकात आली असं परंपरा सांगते, मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस १९३६ मध्ये उघडलं, आणि १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना आपला माल सरकारी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावा लागे. भाजणारा बोर्डाच्या लिलावातून घ्यायचा. अमुक मळ्याची बी वेगळी भाजून विकायची सोय जवळजवळ नव्हतीच. मग यंत्रही तसंच बनलं: मोठा ड्रम, जोरकस बर्नर आणि नजरेवर चालणारा कारागीर. पीबेरी (फळात एकच गोल बी असलेली), प्लँटेशन ए (धुतलेल्या अरेबिकाची मोठ्या दाण्याची प्रत), रोबस्टा (कडक, कडवट जात) यांचं मिश्रण गडद भाजायचं, वर चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड. माटुंग्याच्या दुकानात आजही गिऱ्हाईक विचारतं ते चिकोरी किती टक्के. (नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी.) या कामाला ती देशी यंत्रं उत्तम आहेत, त्यांना नाव ठेवण्याचं कारण नाही.

१९९२ पासून बोर्डाची पकड सैल होत गेली, १९९६ पर्यंत मळेवाला आपला माल हवा तिथे विकायला मोकळा झाला. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबई, पुणे, बेंगळुरूत एकेका मळ्याच्या नावाने हलकी भाजलेली कॉफी विकणारे उभे राहिले ते या मोकळीकीमुळे. हलक्या भाजणीत पहिली तडतड, म्हणजे बिया फुगून फुटल्याचा आवाज, साधारण १९५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होते आणि त्यानंतर दीड-दोन मिनिटांत घाणा काढायचा असतो. तिथे नजर पुरत नाही. बियांचं तापमान आणि हवेचं तापमान दाखवणारे दोन वेगळे सेन्सर, गॅसचा दाब दाखवणारं घड्याळ, आणि हवेचा झोत कमी-जास्त करायची सोय लागते. नोंद ठेवायला आर्टिसन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते जोडता येतं की नाही हे विक्रेत्याला आधीच विचारावं.

मी सांगेन तो क्रम असा. गाळा कुठे आहे आणि वर कोण राहतं, हे पहिलं, कारण शेजाऱ्यांच्या तक्रारीने बंद पडलेलं यंत्र कितीही चांगलं असलं तरी भंगारच. मग गॅस: पाइपचा येतो की १९ किलोचे सिलिंडर बदलत बसायचं, आणि थ्री-फेज वीज आहे का. मग फिल्टर कॉफीचं गिऱ्हाईक की काळी पिणारं. किलो त्यानंतर. पाच किलोच्या यंत्रात चार किलोचा घाणा घेतला आणि तासाला चार घाणे काढले, तर सोळा किलो कच्च्यातून साडेतेरा किलोच्या आसपास तयार माल निघतो. आठवड्याला शंभर किलो विकणाऱ्याला तेवढं दोन दिवसांत सहज होतं.