रोज मरे त्याला कोण रडे: रोगलाइक आणि रोगलाइट

सध्या नेटहॅक आणि हेडीज हे दोन कॉम्प्युटर गेम आळीपाळीने चालू आहेत. या जातीच्या गेमांना स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानात ‘रोगलाइक’ आणि ‘रोगलाइट’ ही दोन्ही लेबलं सर्रास एकत्र चिकटवलेली दिसतात. वरवर पाहता साचाही एकच: दर डावाला नकाशा नवा, मेलात की डाव खलास, पुन्हा श्रीगणेशा. पण एकाच संध्याकाळी दोन्ही खेळलात तर मेल्यावर होणारा चडफडाट अगदी वेगवेगळा असतो.

मूळ पुरुष म्हणजे १९८० च्या सुमाराचा ‘रोग’ (Rogue) हा गेम, त्याच्यासारखा तो रोगलाइक. युनिक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या पडद्यावर चालणारा. ‘ॲट’चं चिन्ह म्हणजे आपण आणि इंग्रजी अक्षरं म्हणजे राक्षस, एवढंच काय ते ग्राफिक्स. सेव्ह करायची सोय फक्त उद्या पुढे खेळता यावं म्हणून. मेल्यावर मागे जायला नाही. त्याच घराण्यातला नेटहॅक १९८७ पासून आहे, फुकट आहे आणि अजून खेळला जातो.

नेटहॅकमध्ये ‘फ्लोटिंग आय’ नावाचा प्राणी आहे, पडद्यावर नुसतं निळं ‘ई’. जागचा हलतो न हलल्यासारखा, स्वतःहून कुणाच्या वाटेला जात नाही. नवखा खेळाडू म्हणतो, आयता सापडला, आणि तलवार हाणतो. त्या नजरेने हातपाय जागच्या जागी लुळे पडतात आणि चालीमागून चाली नुसतं उभं राहावं लागतं. तेवढ्यात एखादा फुटकळ उंदीर येतो आणि कुरतडून डाव संपवतो. तासन्‌तास जमवलेलं सगळं गेलं. गंमत अशी की तोच प्राणी लांबून खंजीर फेकून मारला आणि खाल्ला, तर टेलिपथी मिळते. मग डोळ्यांवर पट्टी बांधली की मजल्यावर कोण कुठे दबा धरून बसलंय ते कळतं (ज्यांना मन आहे तेवढेच दिसतात, झोंबी नाही. इतका बारीक विचार केलाय लोकांनी).

पुढच्या डावात तुमचं पात्र पहिल्याइतकंच कच्चं असतं. फरक एवढाच की निळ्या ‘ई’ला तुम्ही आता हात लावणार नाही. रोगलाइकमध्ये कमाई होते ती खेळणाऱ्याच्या डोक्यात. घोकंपट्टी मात्र चालत नाही, कारण कुठल्या रंगाचं औषध काय करतं हे दर डावाला बदलतं. लक्षात ठेवायची ती युक्ती: दुकानदार काय भाव सांगतो त्यावरून बाटलीत काय असेल याचा अंदाज बांधायचा.

रोगलाइटचा नमुना म्हणजे हेडीज (२०२०, सुपरजायंट गेम्स). त्यात मेलेला झॅग्रियस, म्हणजे आपलं पात्र, पाताळाचा राजा असलेल्या बापाच्या महालातल्या रक्ताच्या कुंडातून निथळत बाहेर येतो. दाराशी झोपेचा देव हिप्नॉस पेंगत उभा असतो. तुम्ही कशाने मेलात यावर तो काहीतरी खवचट बोलतो. मग खोलीतल्या आरशासमोर जायचं, वाटेत गोळा केलेला ‘डार्कनेस’ खर्च करायचा आणि कायमची ताकद विकत घ्यायची: पाठीमागून मारलेला वार जास्त लागेल, मरता मरता पुन्हा उठता येईल. पुढच्या डावाला झॅग्रियस खरोखरच जास्त दणकट असतो. गोष्टही मेल्यावरच पुढे सरकते, त्यामुळे हरल्याचं फारसं दुःख होत नाही. उलट महालातला ग्रीक वीर अकिलीस आता काय सांगतो याची उत्सुकता असते.

माझी तक्रार इथेच आहे. मेगेरा या वाटेतल्या तगड्या शत्रूला पहिल्यांदा लोळवलं तेव्हा माझा हात बसला होता की आरशाची कृपा होती, हे मला आजही सांगता येणार नाही. नेटहॅकमध्ये ही शंका येत नाही, कारण तिथे कृपा करायला कुणी नाही. पण हेडीजचे संवाद इतके चुरचुरीत आहेत की तक्रार करता करता मी पुढचा डाव सुरू करतो.

सीमेवरची मंडळीही आहेतच. २००८ मध्ये बर्लिनला जमलेल्या रोगलाइकवाल्यांनी लक्षणांची यादीच केली: पाळीपाळीने चाली, चौकटींचा नकाशा, कायमचं मरण वगैरे. त्या यादीने स्पेलंकी हा गुहेत उतरत जायचा गेम नापास होतो, कारण तिथे उड्या चालू वेळेत मारायच्या. पण मेल्यावर तो तुम्हाला ताकद देत नाही. फार तर पुढच्या भागात उतरायचा आडमार्ग मिळतो. मला तो पुष्कळ रोगलाइटांपेक्षा नेटहॅकच्या जवळचा वाटतो. ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांनी लढायचा गेम सुरुवातीला नवे पत्ते खुले करतो, पण पुढे जिंकाल तसा असेन्शनच्या, म्हणजे वाढत्या अवघडपणाच्या, २० पायऱ्यांनी उलट जास्त छळतो. त्याला कुठे बसवायचं यावर लोक खुशाल भांडोत.

तेव्हा नवा गेम घेताना लेबल वाचू नका. मेल्यावर पात्राची कायमची ताकद वाढवायचं दुकान, झाड, आरसा असं काही आहे का ते बघा. असेल तर रोगलाइट. ऑफिसहून दमून आल्यावर अर्धा-पाऊण तासच मिळत असेल तर तोच बरा. हेडीजमध्ये तर ‘गॉड मोड’ही आहे: चालू केला की मार २० टक्के कमी बसतो आणि दर मरणाला आणखी २ टक्के सूट, थेट ८० टक्क्यांपर्यंत. तो वापरायला लाजू नका. नेटहॅक सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा, आणि पहिल्याच डावात पाळीव कुत्रं किंवा मांजर मिळेल, त्याला मागे सोडून जिना उतरू नका.